थंडीच्या दिवसांतली घरची शाळा

नागपूरचं नाव काढलं की बाहेरगावच्या माणसाला आधी आपला उन्हाळा आठवतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे तर मे महिन्यात यायचं म्हटलं की हातच जोडतात. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, आपलं नागपूर खुलतं ते दिवाळीनंतरच ना? कूलर झाकून ठेवले जातात, पेटीतले स्वेटर आणि शाली डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन बाहेर येतात, रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागतात आणि चौकाचौकांत संध्याकाळी शेकोट्या पेटतात. आपल्या थंडीला कुणी कमी लेखू नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या सकाळी नळाच्या पाण्याला हात लावताना काय वाटलं ते अजून पुष्कळ जणींना आठवत असेल.

पण हा सुरेख ऋतू आपल्या मुलांच्या वाट्याला किती येतो? सकाळी अंधारात उठवायचं, कानटोपी घालायची, डबा द्यायचा, व्हॅनमध्ये बसवायचं. संध्याकाळी ट्यूशन. मध्येच गॅदरिंग, मग चाचणी परीक्षा. बघता बघता फेब्रुवारी उजाडतो आणि कूलरला पुन्हा रंग द्यायची वेळ येते. मुलांना हिवाळा कळतो तो फक्त स्वेटरपुरता.

म्हणूनच आमच्या ओळखीतल्या एका घराबद्दल आज लिहावंसं वाटलं. या घरातली मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा मुलगी दुसरीत होती आणि धाकटा रांगण्यातून नुकता बाहेर पडला होता. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आईवडिलांनी विचार केला आणि दोघांनाही घरीच शिकवायचं ठरवलं. वडिलांचं विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचं लहानसं दुकान, आई आपल्यासारखीच बी. ए. झालेली, आणि सोबत सत्तरी ओलांडलेली आजी. श्रीमंती म्हणाल तर एवढीच, की यांच्याकडे वेळ आहे. आणि हिवाळ्यात तर त्यांच्या घरी पाऊल टाकलं की शाळा कोणती आणि घरकाम कोणतं हेच कळत नाही.

सावली आपल्याएवढीच!

आता त्यांचा सावलीचा खेळच घ्या. त्यासाठी एक काठी, एक खडू आणि गच्ची एवढंच लागतं. २२ डिसेंबरच्या आसपास, म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो तेव्हा, ही मुलं दुपारी गच्चीवर काठी उभी करतात आणि तिची सावली मोजतात. आपल्या नागपुरात त्या दिवशी सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे कलून निम्म्यावरच राहतो. त्यामुळे भर दुपारची सावलीही जवळजवळ काठीएवढीच पडते. एक मीटर काठीची सावली ९९ सेंटिमीटर! हे पाहून आजीही गच्चीवर आल्या, स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सावली त आपल्याएवढीच हाये न!"

गंमत म्हणजे ही भर दुपार घड्याळात बारा वाजता होत नाही, १२ वाजून १२ मिनिटांच्या सुमारास होते. का? तर सगळ्या देशाचं घड्याळ ज्या रेखावृत्तावर लावलेलं आहे ते अलाहाबादच्या बाजूनं, मिर्झापूरजवळून जातं. नागपूर त्याच्या पश्चिमेला. सूर्य तिथून आपल्यापर्यंत यायला तेवढी मिनिटं घेतो. भूगोलाच्या पुस्तकातला रेखावृत्ताचा धडा आपण सगळ्यांनी पाठ केला होता. या मुलांनी तो खडूनं गच्चीवर काढला.

संक्रांतीपर्यंत तीच सावली ९२ सेंटिमीटरवर येते, २१ मार्चला ३९ वर, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार अशी येते की नागपुरात उभ्या काठीला सावलीच उरत नाही. गच्चीवरच्या खुणा पावसाळ्यापर्यंत तशाच असतात. कुणी पुसत नाही.

यातूनच एक वाद उभा राहिला. आजी म्हणतात, संक्रांतीपासून दिवस तीळ-तीळ वाढतो. नात म्हणते, पुस्तकात तर २२ डिसेंबरपासूनच वाढतो असं आहे. मग धाकट्यानं रोजच्या वर्तमानपत्रातली सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ वहीत उतरवायला सुरुवात केली. महिनाभरानं दिसलं ते असं. संध्याकाळ डिसेंबरातच लांबायला लागते, पण सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराचीच होत जाते. सूर्य लवकर उगवू लागतो तो संक्रांत झाल्यावरच! म्हणजे पहाटे उठून सडा घालणाऱ्या बाईनं जे पाहिलं तेही खरं, आणि पुस्तकात आहे तेही खरं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि तो सगळ्यात लहान दिवस जवळजवळ एकत्रच येत होते. पृथ्वीच्या आसाच्या संथ भोवऱ्यामुळे साधारण ७२ वर्षांनी एक दिवस या हिशेबानं संक्रांत पुढे सरकत गेली. आजीला हे समजावून सांगायला नातीला दोन दिवस लागले. ते दोन दिवस म्हणजे तिचा खगोलशास्त्राचा पेपरच होता म्हणा ना.

सोले, हुळा आणि रोडगे

हिवाळ्यातला आपला भाजीबाजार म्हणजे डोळ्यांचं पारणं. वांगी, मेथी, मुळे, गाजरं, पोपटाच्या शेंगा, आणि तुरीच्या हिरव्यागार शेंगांची पोती. संध्याकाळी या घरात मधोमध शेंगांचा ढीग पडतो आणि सगळे गोल बसतात. निम्म्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या, निम्म्यांचे सोले काढायचे. सोले-वांग्याची भाजी आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. पण सोले काढता काढता जे बोलणं होतं ते ऐकण्यासारखं असतं. शेंगेत अळी कशी शिरते? हाच दाणा वाळला की त्याची डाळ कशी होते? किलोभर शेंगांतून सोले किती निघतात? धाकटा दरवेळी तराजूवर ठेवून बघतो आणि भाजीवालीला हिशेब सांगतो. तीही कौतुकानं चार शेंगा जास्त टाकते.

महिन्यातला एखादा रविवार ते आजीच्या माहेरच्या शेतावर जातात. हरभऱ्याचं शेत असलं की पहाटे त्यावरचं आंबट दव, म्हणजे आंब, जिभेला लावून बघायचं. दुपारी वाळल्या काटक्यांवर घाटे भाजून हुळा खायचा. हात काळे, तोंड काळं! पूर्वी ज्वारीचा हुरडाही शेतोशेती असायचा. आता कापूस आणि सोयाबीननं ज्वारीचा पेरा कमी केला, त्यामुळे हुरडा शोधावा लागतो. "ज्वारी का नाही पेरत?" असं मुलीनं मामाआजोबांना विचारलं तेव्हा त्यांनी पाखरं, मजुरी, भाव असं सगळं बांधावर बसून सांगितलं. नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच बैठकीत झालं.

चंपाषष्ठीला त्यांच्याकडे खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं याच दिवसापासून वांगं खायला लागतात. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवायचे, खरपूस झाले की राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. हे काम वडील आणि मुलगा करतात. निखारा किती फुलला की गोळा ठेवायचा हे नऊ वर्षांचा पोरगा आता वाऱ्याच्या दिशेवरून सांगतो.

आणि संत्री! २०१४ साली आपल्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव आपल्या भागाच्या संत्र्याचंच असा शिक्का बसला. काटोलकडच्या एका बागेत मुलांनी पाहिलं की थंडीत झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. मग पाणी दिलं की झाड फुलोऱ्यावर येतं. तो आंबिया बहार, त्याची फळं पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी हाती येतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलतो तो मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये. घरी संत्री खाल्ली की सालं गच्चीवर वाळतात. ती दळून त्यात बेसन आणि हळद घातली की थंडीत अंगाला लावायचं उटणं तयार.

सुई, साखर आणि पतंग

दुपारच्या उन्हात आजी गोधडी शिवायला बसतात. जुनी लुगडी, आजोबांचं धोतर, आईचं फिकं पडलेलं पातळ. एकेक तुकडा हातात घेतला की त्याची गोष्ट निघते. हे पातळ कोणत्या बारशाचं, ते लुगडं कोणत्या दुष्काळात घेतलेलं. मुलीनं त्या गोष्टी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. घरचा इतिहासच तो. मुलगाही धावदोरा घालतो. "पोराच्या हातात सुई कशाला?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तर आजी म्हणाल्या, "थंडी काय पोरीलेच वाजते का?"

संक्रांतीच्या आधी घरी काटेरी हलवा करतात. हे फार चिकाटीचं काम. पसरट परातीत तीळ घ्यायचे, खाली अगदी मंद आच, वरून चमच्या-चमच्यानं साखरेचा पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. आच वाढली की काटा बसतो, पाक जास्त पडला की गोळे होतात. थंड, कोरडी हवा असली की काटे छान फुटतात, म्हणून हा पदार्थ हिवाळ्याचाच. दोन-तीन दिवस सगळे आळीपाळीनं बसतात. मग त्याचे दागिने होतात, आणि जवळच्या घरात लहान बाळ असलं की त्याच्या बोरन्हाणाला ते जातात. बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, बत्तासे बाळाच्या डोक्यावरून सोडले की वाड्यातली पोरं जी झुंबड उडवतात, तिला आपण लूट म्हणतो ते उगाच नाही!

पतंगाचं वेड तर नागपूरच्या रक्तातच. जुनी शुक्रवारीच्या पतंगांच्या दुकानांत जानेवारीत पाय ठेवायला जागा नसते आणि गच्चीगच्चीवरून 'ओ काट' ऐकू येतं. पण या घरात नियम पक्का आहे, साधा सुती दोरा, नायलॉन मांजा नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर या मांजावर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो, माणसांचे गळे कापतो आणि पाखरांचे पंखही. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ही मुलं झाडांत, तारांखाली अडकलेला मांजा गोळा करतात. त्या दिवसांत आपल्या तलावांवर हिमालय ओलांडून आलेले परदेशी पाहुणे असतात. पट्टेरी हंस येतात, बदकं येतात. मारुती चितमपल्ली यांच्या पक्षिकोशातून त्यांची नावं शोधायची आणि वहीत चित्र काढायचं. चितमपल्ली यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्या दिवशी मुलीनं पक्षिकोश दिवसभर उघडाच ठेवला होता, असं तिची आई सांगत होती.

"आजीला वाण का नाही?"

मुलांना वेळ मिळाला की ती प्रश्न विचारतात, आणि सगळेच प्रश्न सावलीसारखे सोपे नसतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीळगूळ आजीनं वळला, वाणाच्या वस्तू आजीनं मांडल्या, आणि बायका यायच्या वेळी आजी आतल्या खोलीत जाऊन बसल्या. आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती. नातीनं सगळ्यांसमोर विचारलं, "आजीला वाण का नाही?"

बैठकीत एकदम शांतता झाली. तिच्या आईनं मग आत जाऊन सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं, हळदीकुंकू लावलं आणि पहिलं वाण त्यांच्या ओटीत घातलं. दोन बायका उठून गेल्या, बाकीच्या बसल्या. पुढच्या वर्षी त्या दोघींतली एक परत आली, आपल्या विधवा जावेला घेऊन. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनाही तसं करण्याचं परिपत्रक काढलं. पण ठराव गावात होतो, बदल मात्र बैठकीत होतो. परंपरा जपायची म्हणजे तिच्यातलं सगळंच जपायचं असं नाही, एवढं त्या घरात सगळ्यांना कळलं.

घरी शिकणं आणि घरी बसणं

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं छान, पण बाईचं काय होत असेल? मीही तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "पहिल्या वर्षी मी रडकुंडीला आले होते. शिकवायचं मीच, स्वयंपाक मीच, सणवारही मीच. मग बसून कामं वाटली. धुणं यांच्याकडे, भांडी मुलांकडे, संध्याकाळचं गणित यांच्याकडे." सगळ्यांचा हात लागला नसता तर हा हिवाळा तिच्यासाठी नुसता कष्टाचाच झाला असता.

नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला. सर्टिफिकेटचं काय? त्याचीही सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते, आणि आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. मुंबईच्या मालविका राज जोशी या मुलीनं सातवीच्या सुमारास शाळा सोडली, आईनं घरी शिकवलं, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिनं पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. तशी घरची शाळा आपल्याला नवी नाही. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, पहाटे झोपेतून उठवून संस्कृत शिकवलं, कारण दिवस उजाडला की त्या माउलीला कामांतून सवड नसायची. आणि कामातून शिक्षण हा विचार तर आपल्या शेजारचाच. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती, सूतकताई आणि स्वयंपाकातून धडे शिकतात.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येणार नाही. आमच्या संस्थेच्या कामासाठी मी नागपूरजवळच्या गावांत जाते. हिवाळा म्हणजे तिथे कापूस वेचणीचे दिवस. आई पहाटे वेचणीला जाते आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला आठवीतली मुलगी घरी राहते. अशाच एका घरी मी गेले. मुलगी दिवाळीपासून शाळेत आली नव्हती. तिची आई मला म्हणाली, "बाई, शहरातले लोक पोरायले घरीच शिकवतात म्हणे. हिले बी आम्ही घरीच शिकवून राहिलो न, भाकरी-भाजी!"

ती हसत म्हणाली, पण मला उत्तर सुचेना. भाकरी-भाजी तर त्या दुसऱ्या घरातली मुलगीही शिकते. फरक एवढाच की तिच्या भाकरीसोबत वही आहे, प्रश्न विचारायला माणूस आहे आणि परीक्षेचा फॉर्म भरणारे आईवडील आहेत. या पोरीच्या कडेवर भाऊ आहे आणि तिची वही फळीवर पडून आहे. घरी शिकणं वेगळं आणि घरी बसणं वेगळं. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो या पोरीसाठीही आहे. अंगणवाडीताई आणि मुख्याध्यापिका, दोघींशी बोलून धाकट्याला दिवसभर सांभाळायची सोय लागली तेव्हा ती संक्रांतीनंतर शाळेत परतली. मागे पडलेलं गणित भरून काढायला तिला अजून वेळ लागेल. तुमच्या गल्लीत, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईच्या घरी अशी मुलगी असेल तर एकदा विचारा. संक्रांतीच्या वाणात प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी वह्या आल्या तर त्याही अशा घरांत पोचवता येतील.

आपण सगळ्यांनी काही मुलांना शाळेतून काढायचं नाही. ते सगळ्यांना जमणारही नाही. पण रविवार तर आपलाच आहे. २२ डिसेंबरच्या आसपास एका दुपारी मुलांना घेऊन गच्चीवर किंवा अंगणात काठी उभी करा. एकदा गोधडीचा एक तरी तुकडा सर्वांनी मिळून शिवा. हलवा नाही जमला तर तिळाच्या वड्या करा, पण पाक बघायला मुलांना जवळ घ्या, आच सांभाळून. आणि तुरीच्या शेंगा आणाल तेव्हा टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून मुलगा, मुलगी, त्यांचे बाबा, सगळ्यांना सोलायला बसवा. पाच-दहा मिनिटं कुणी बोलणार नाही. मग कुणीतरी काहीतरी विचारेल. उत्तर आपल्याला येत नसलं तरी चालेल, "थांब, आजीला विचारू" किंवा "उद्या पुस्तकात बघू" एवढं म्हटलं तरी पुरे.